दोन कळ्यांचा कौल

उलव्याजवळच्या त्या गावात आनंदाचं तिमजली घर आहे, आणि त्याच्या गच्चीवरून डॉक्टरकीचं एक कॉलेज दिसतं. दिसतं म्हणजे काय, वारा खाडीकडून असला तर आतल्या पोरांची चुकीची उत्तरंही गच्चीवर ऐकू येतात. दुसरं कॉलेज गोंदियाला. ते इतकं लांब, की घरून बांधून दिलेल्या भाकरीचं तिथं पोचेपर्यंत पुन्हा पीठ होतं.

आनंदाच्या रंजिताला मार्क असे पडले, की दारं दोन्हीकडची उघडी. कोणतं नाव पहिलं टाकायचं एवढंच फोनवर भरायचं राहिलं होतं, आणि त्याची मुदत कौल लावला त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. हे बापलेकीलाच ठाऊक. गावाला वाटे, डॉक्टर होणं आपल्या सवडीचं असतं.

रंजिता म्हणे, गोंदिया.

"इथं राहिले तर शिकू कोण देईल, पप्पा? आत्ताच अख्खं गाव गुडघे दाखवायला येतंय."

ते खरंच होतं. निकालापासून तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. दारात चपलांची एवढी रास, की पार्सल द्यायला आलेला माणूससुद्धा गुपचूप नंबर लावून बसे.

आनंदाचा जीव मात्र खालीवर होई. जमीन विमानतळात गेली, मिठागर रस्त्याखाली गेलं. आता पोरही गेली तर तीन मजल्यांत आपण आणि बायको शकूने काय लपाछपी खेळायची? पण पोरीला नको म्हणायला छाती लागते. ती नव्हती, म्हणून त्याने भार देवीवर टाकला.

"गावदेवीला कौल लावू. देवी सांगल ते. आन कौल मिळंपर्यंत फोनला कुणी हात लावायचा नाय."

कौलाची रीत साधी. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. जी आधी सुटून पडेल, तिकडचा देवीचा शब्द. उजवी जवळच्या कॉलेजची, डावी गोंदियाची.

सकाळी देवीची आंघोळ उरकल्यावर आनंदा एकटाच देवळात गेला आणि डाव्या खांद्याला केळीचा चीक लावून आला. देवीला फसवायचं नव्हतं त्याला. जरा समजवायचं होतं.

घरी शकू म्हणाली, "रंजिता पन जाऊन आली देवलात, तुमच्या आधीच. आन माझी पेजेची वाटी कुनी नेली?"

पोर देवभक्त झाली म्हणून आनंदा खूश झाला.

दुपारी हरेश गुरवाने कळ्या लावल्या, पंखा बंद केला, गाऱ्हाणं घातलं. आनंदाने फोनची अट गावादेखत पुन्हा सांगितली आणि रंजिताचा फोन देवीच्या पायाशी ठेवला. गाव मांडी घालून बसलं.

एरवी गाऱ्हाणं संपायच्या आत कळी पडायची. त्या दिवशी चहा आला, चहा गेला, चहाचे कप माशांनी पुसून ठेवले, तरी कळ्या जागच्या जागी.

"देवी इचार करते," नीताकाकू म्हणाली. "गोंदिया कुठं हाय ते तिला तरी कुठं ठाव?"

"मग जवलचं सांगावं. ते तर रोज बघते," मागून आवाज आला.

आनंदाला घाम फुटला. डावी कळी का पडत नाही ते त्याला माहीत होतं. उजवीला काय धाड भरली होती? तो उजवीकडे तोंड करून जोरात खोकला. लगेच रंजिता डावीकडे तोंड करून खोकली.

"आनंदाशेट, खोकला झालाय तर डॉक्टरीण बाजूलाच बसलीय," कोणीतरी म्हणालं. सगळं देऊळ हसलं.

पाच वाजत आले. रंजिता हळूच म्हणाली, "पप्पा, फोन घेऊ?"

आनंदाने तोंड उघडलं. अट त्याचीच, देवीसमोर घातलेली, अख्ख्या गावाच्या कानांवर. मोडायची तर चिकाचं सांगावं लागणार.

"थांब गो. आता पडंलच."

रंजिताने फोनकडे गेलेला हात मागे घेतला आणि उजव्या कळीकडे बघितलं.

पायाशी फोन एकदा उजळला आणि विझला. पाच वाजून गेले होते.

शेवटी हरेश उठला. उजवी कळी काढली, तिच्याखाली वाळलेल्या पेजेचा पांढरा पापुद्रा. डावी ओढून काढली, तिच्याखाली तपकिरी डाग. त्याने आधी बापाकडे बघितलं, मग लेकीकडे. ओल्या फडक्याने दोन्ही खांदे पुसले आणि गावाला म्हणाला, "देवी आज बोलत नाय."

बापलेक घरी निघाले.

"पेज?" आनंदाने विचारलं.

"हं. तुमचं?"

"केळीचा चीक."

"त्याचा डाग जात नाय, पप्पा."

"ठाव हाय." आनंदा शर्टाला बोटं पुसत राहिला. "आता काय?"

"पुढची फेरी. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते."

"ते कुठं असंल?"

"कुठंपन."

नीताकाकू आडवाटेने आधीच पोचून त्यांच्या पायरीवर बसली होती, लुगडं गुडघ्यावर घेऊन. रंजिता तिच्यापुढे उकिडवी बसली.

"देवीला उद्या परत इचारू," काकू म्हणाली. "घाई कसली हाय?"

बापलेक तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले.