शेपटीची खाच

आमचे जावईबापू कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा मीच गावभर मिरवलं. आता माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

कारखान्याचं सांडपाणी खाडीतून समुद्रात जातं. ते विषारी नाही हे दाखवायला टाकीत तेच पाणी भरून दहा जिवंत मासे सोडतात. चार दिवस जगले की पाणी पास. मासे पुरवते मी. पूर्वी महिन्याला दहा पुरायचे. हल्ली जावईबापू रोज दारात हजर.

"आई, दहा द्या."

"अहो, रोज दहा? टाकीत मासे पाळलेत की मांजर?"

हसले नाहीत. "मेले की बदलायचे, असा वरून हुकूम आहे. तुमच्या लेकीचं घर यावरच चालतं ना?"

झालं! लेकीचं नाव काढलं की मी डबा भरून देते.

आज सकाळी जाळ्यात नुसता चिखल आणि पिवळा फेस. हाताला खाज सुटली ती अजून थांबत नाही. मासा औषधालाही नाही. जावईबापूंची घाई चाललेली, म्हणून बेटामागे पाण्यात सोडलेल्या सामाईक पिंजऱ्यात राखून ठेवलेले माझे दहा काढून दिले. तिथे सगळ्यांचे मासे एकत्र, म्हणून जो तो आपल्या माशाच्या शेपटीला खाच मारतो. माझी खाच खालच्या बाजूला. घाईत ती खाच माझ्या ध्यानातच आली नाही.

दुपारी डबा परत आणायला गेले, तर सरकारी तपासणीचे साहेब टाकीशी उभे.

"सोमवारी मी माझ्या हातानं मासे सोडले, तेव्हा शेपट्या धड होत्या. हे काय?"

"एकमेकांना चावले असतील, साहेब," जावईबापू म्हणाले.

"दहाही एकाच जागी चावले?"

मग साहेबांची नजर माझ्या डब्यावर गेली. "मावशी, शेपटीवरची ही खूण कुणाची?"

जावईबापूंनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. मला पोटुशी लेक दिसत होती. येताना काठावर बघितलेले, तोंड वासून मेलेले शिंपलेही दिसत होते. कितीदा गिळायचं माणसानं?

"माझी," मी म्हटलं. "आज सकाळीच दिलेत. रोज देते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला.

"आई, तुला नेमके खाचेचेच द्यायचे होते?"

"तेवढेच उरले होते गं, बाई."