दगडाबाईची इर्जिक

दगडाबाई खळं सारवत होती आणि हंबीरराव सरपंच पायातल्या वहाणांसकट सरळ त्या ओल्या सारवणावर आला.

"मुडद्या, वाणा काढ! खळं हाय ह्ये, तुज्या पंचायतीचा वटा न्हवं."

हंबीररावानं मागं उडी मारली. खळ्यावर पायताण घालून जाऊ नये हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण माणूस पंचायतीत बसायला लागला की पायाखालचं विसरतो. वहाणा हातात घेऊन तो कडेला उकिडवा बसला.

"आत्ती, येष्टी येतीया गावात."

"यिऊ दे की. मी काय आडवी पडलीया व्हय तिला?"

"तू न्हाईस गं. तुजं खळं आडवं आलंय."

मेटकरवाडी म्हणजे आटपाडीच्या बाजूला, उघड्या माळावर बसलेलं धनगरांचं गाव. पंच्याण्णव साल उजाडलं तरी गावानं एसटी पाहिली ती बाजारगावच्या स्टँडवरच. त्या उन्हाळ्यात नानासो नावाच्या ठेकेदारानं बाजारगावापासून वाडीपर्यंत मुरमाचा रस्ता ओढला आणि गावाला घोडं गंगेत न्हाल्यागत झालं. मग डेपोचा साहेब येऊन बघून गेला. रस्ता आहे, माणसं आहेत, पण गाडी वळवायची कुठं? एसटी काय शेळी आहे, बोळात फिरवायला? गावाच्या तोंडाशी सगळा चढ आणि धोंडे. सपाट, टणक आणि ऐसपैस अशी जागा एकच, ती दगडाबाईचं खळं.

"माज्या मालकानं बैलं फिरवून, पानी मारून, धुमसून केल्यालं खळं हाय ह्ये," दगडाबाई म्हणाली. "त्ये गेलं, पर त्येंचं खळं हाय म्हून मी हाय."

"आता मळनीला मशीन येतंया. खळं पायजे कुनाला?"

"मला पायजे. ऊठ हितनं."

हंबीरराव उठला. जाता जाता म्हणाला, "तुजी नात मंगल सातवी पास झाली न्हवं? म्होरं काय?"

दगडाबाईचा हात पाटीतच राहिला. बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवून गेला तो.

वाडीतली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल बाजारगावात, ओढ्यापलीकडं दोन कोसांवर, आणि मधे नुसता माळ. पोरीनं एकटीनं चालत जायचं म्हणजे घराच्या जिवाला घोर. दगडाबाईचा लेक बिरदेव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बायकोसकट घाटाकडं उतरायचा, ते थेट उन्हाळ्यात परतायचा. त्यानं सांगूनच टाकलं होतं, की शाळा थांबली तर पोरीचं लगीन, ते पण वाटेला लागायच्या आत. भावकीला जेवण घालायला म्हणून एक बकरंही त्यानं वेगळं बांधलं होतं. मंगल रडली नाही की भांडली नाही. सातवीचीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत बसायची. तेच दगडाबाईला बघवत नव्हतं. स्वतः ती मांडवात झोपेत उभी राहिली होती. नवरा कोणता हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

सकाळी तिनं पहार घेतली आणि खळ्याच्या मधला तिवडा, बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो खांब, आपल्या हातानं उपटला. रडू आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि तिवडा चुलीच्या मागं उभा करून ठेवला. जाळायचं धाडस झालं नाही.

एसटी आली. हंबीररावानं हार घातला, नारळ फोडला. दगडाबाई तांब्या घेऊन पुढं झाली आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर तिनं पाणी ओतलं.

"ह्ये काय म्हातारे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"वाणा घालून खळ्यावर चालतीया न्हवं तुजी गाडी? पाय तरी धुवून जाऊ दे."

सगळी वाडी हसली. गाडी खळ्यावर गरकन वळली आणि मंगल खिडकीत बसून हायस्कुलाला गेली. पावसाळाभर गेली. कुणाची सून बाळंतपणाला त्याच गाडीनं माहेरी गेली, कुणाचा म्हातारा डोळे दाखवून आला. गावाला सवयच लागली.

आणि मग हस्त नक्षत्र लागलं.

त्या माळावर पाऊस कधी येत नाही, आणि आला की झोडपून काढतो. नानासोनं ओढ्यात नुसत्या दोन नळ्या टाकून वर मुरूम लोटला होता. खाली धोंड्यांचं सोलिंग नाही, कडेला दगड नाही. नवी नवरी दारापुरती सजवावी तसं काम. एका पावसात मुरूम वाहून गेला, नळ्या उघड्या पडल्या आणि त्यातली एक खालच्या डोहात जाऊन बसली. एसटी पलीकडच्या काठापर्यंत आली, ड्रायव्हरनं उतरून बघितलं, कपाळाला हात लावला आणि गाडी उलटी मागं नेली. डेपोनं निरोप धाडला, की रस्ता झाल्यावर बघू.

हंबीरराव नानासोकडं खेटे घालून आला. "बिल निघंना म्हनतोय. आदी बिल, मग दुरुस्ती."

"मग आपुनच करूया की रं," दगडाबाई म्हणाली.

देवळापुढं बसलेली माणसं तिच्याकडं बघायला लागली. आकाराम मेटकरी हा गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "सरकारी रस्ता हाय आत्ती. आमी कशापायी हाडं मोडायची? आज आमी केलं तर उद्या सरकार म्हनंल, तुमीच करा जलमभर."

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तंबाखू मळायला घेतली. इकडं बिरदेवनं पावण्यांना बोलावणं धाडलं. मंगलनं पुस्तकं बांधून फडताळात ठेवली, आजीला काही न सांगता.

दसरा सरला. दुसऱ्या दिवशी दगडाबाई दारोदार फिरली.

"परवा माजी इर्जिक हाय. पाट्या, खोरी, गाड्या घिऊन या."

इर्जिक म्हणजे गावाचा जुना रिवाज. कुणाचं रान अडलं, बैल मेला, माणूस अंथरुणाला खिळला, की त्यानं इर्जिक सांगायची. गाव औतं घेऊन येतं, दिवसात रान उरकतं. मजुरी नाही, घरधन्यानं पोटभर जेवण घालायचं. इर्जिकीला नाही म्हणायचं नसतं. आज तू नाही म्हणालास तर उद्या तुझ्या बांधावर कुत्रं फिरकणार नाही. आणि इर्जिकीचं जेवला त्यानं हात लावलाच पाहिजे, फुकट जेवायचं नाही.

"कंच्या रानात?" आकारामनं विचारलं.

"वड्यात."

"आगं, त्यो सरकारचा—"

"खळं माजं हाय का न्हाई? मग खळ्यावर यायची वाट बी माजी. माजी वाट अडलीया, म्या इर्जिक सांगितली. न्हाई म्हन की. तुजा पाय मोडला तवा तुजी बाजरी कुनी काडली रं?"

आकाराम पाटी शोधायला आत गेला. बाजरी काढायला सगळ्यात पुढं दगडाबाईच होती.

घरी बिरदेव तापला. "आये, जेवाण कशाचं घालनार हाईस?"

"बकऱ्याचं."

"त्ये मंगलच्या लग्नाचं हाय!"

"ठावं हाय. म्हून तर त्येच कापनार."

बिरदेव काही वाईट माणूस नव्हता. मेंढरांमागं जन्म गेलेला, पोरीच्या काळजीनं पोखरलेला बाप होता. "आन् वड्यानं परत नेलं तर?" तो हळूच म्हणाला.

"तवाचं तवा बघू."

इर्जिकीला अख्खी वाडी उतरली. बैलगाड्यांनी माळावरचे धोंडे आणले, बायांनी पाट्या वाहिल्या, हलगी कडाडली आणि भलरीचे सूर ओढ्यात घुमले. डोहातली नळी काढताना आकाराम गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि तिथूनही बडबडतच होता. बिरदेव सकाळी घरीच बसला होता. उन्हं चढल्यावर खोरं घेऊन आला आणि कुणाशी न बोलता कामाला लागला.

दुपारी बाभळींच्या सावलीत पंगत बसली आणि नेमकी तेव्हाच नानासोची जीप आली. बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला. बिलासाठी कामाचे फोटो हवे होते म्हणे. रचलेले दगड बघून नानासोचा चेहरा उजळला. रश्शाचा वास आल्यावर तर तो पंगतीतच बसला.

"झाक केलंसा गड्या हो. वाडा, म्हातारे."

दगडाबाईनं वाढलं. भाकरी, रस्सा, वर दोन चांगल्या फोडी. बिरदेव दात खात बघत होता, पण ती वाढतच राहिली. नानासो ढेकर देऊन उठला, तेव्हा तिनं रिकामी पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ह्ये काय?"

"इर्जिकीचं जेवलासा. आता पाटी उचला."

नानासो हसला. दुसरं कुणीच हसलं नाही. हलगी थांबली. सगळी वाडी उष्ट्या हातांनी त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. त्यानं पांढऱ्या विजारीचे पाय दुमडले, वहाणा काढल्या आणि पाटी डोक्यावर घेतली. दगड चिखलाचे होते. पहिल्याच खेपेला सदरा रंगला. बाया पदरात तोंड घालून हसल्या. दगडाबाईला वाटलं, बकरं वसूल झालं.

एसटी परत सुरू झाली. मंगलनं फडताळातली पुस्तकं काढली आणि बिरदेव ती बघून न बघितल्यासारखं करून बाहेर गेला. पावणे येऊन चहा पिऊन गेले. बकऱ्याशिवाय कसली बोलणी?

आठवड्यानं मंगल शाळेतून पेपरचा तुकडा घेऊन आली. त्यात नानासोचा फोटो होता, डोक्यावर पाटी, सदऱ्याला चिखल. मंगलनं वाचून दाखवलं, 'ठेकेदार स्वतः राबले, मेटकरवाडीचा रस्ता झाला पक्का'. मागं पदर खोचून उभी असलेली दगडाबाई फोटोत निम्मीच आली होती. त्यानंतर नानासोचं बिल निघालं, आणि ओढ्यावर मंजूर होत आलेला पूल दुसऱ्या गावाला गेला. रस्ता पक्का झालेल्या गावाला पूल कशाला?

हंबीरराव येऊन शिव्या देऊन गेला. आकाराम म्हणाला, "म्या सांगितलं हुतं." आपणच पाटी दिली, आपणच फोटो दिला, याचा सल दगडाबाईला जेवू देईना.

दिवाळी झाली. बिरदेव मेंढरं घेऊन निघाला. पहाटे कळप पुढं काढून तो मागं वळला आणि काखेतलं एक कोकरू त्यानं चुलीमागच्या तिवड्याला बांधलं.

"मंगलच्या लग्नाला व्हय रं?" दगडाबाईनं धास्तावून विचारलं.

"न्हाई," बिरदेव म्हणाला. "फुडल्या हस्ताला लागंल. चांगलं पोस."