मेंदूला कुंकू

दिवाळीच्या तोंडावर वडीगोद्रीच्या हायवेवर इतक्या गाड्या बंद पडतात, की ढकलून ढकलून रस्ताच दोन हात पुढं सरकतो. सुग्रीव मेस्त्री त्या दिवशी इतका दमला होता, की तो उभा होता अन् त्याची सावली मात्र भिंतीला टेकून बसली होती.

त्यात तातेरावांची जीप ढकलत आली. दसऱ्यापासून तिचं हेच. चालता चालता उचकी द्यायची, पिवळा दिवा लावायची अन् मान टाकायची.

"सुग्रीवा, आज संध्याला सासरहून आणायला मंठ्याला जायचंय. पहिली दिवाळी है तिची. मुराळी वेळेवर न्हाई गेला तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

"दुसरी गाडी करा की, तात्या."

"दिवाळीत? बैलगाडीबी रिकामी न्हाई गावात."

सुग्रीवानं उसासा टाकून स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, हवेचा सेन्सर गेला. मागच्या वेळी म्हणाला होता, डिझेलचा गेला. त्याआधी रेसच्या पायडलचा. स्कॅनरवरची नोंद पुसून टाकली की सगळे पुन्हा जिवंत. एका घरातली सगळीच माणसं एकदम आजारी पडली, तर माणसं सोडून घरचं पाणी तपासावं. सगळ्या सेन्सरांच्या तारा जिथं जातात ती डबी, म्हणजे ईसीएम. डिझेल किती अन् कधी, हे ठरवणारा गाडीचा कॉम्प्युटर.

बॅटरीची तार सोडून त्यानं डबीचं कपलर, म्हणजे तारांचा जोड, ओढलं. आत पिवळंधमक. पिनांच्या फटीत हळद, कुंकू अन् एक अक्षता.

"तात्या, हे काय है?"

"खंडेनवमीची पूजा. तूच म्हणल्तास, हा गाडीचा मेंदू है, याला जपा. मंग हा जोड काढून माझ्या बायकोनं, दुर्गीनं, एकेका दाताला बोट लावलं. पाणीबी शिंपडलं जरासं."

"कुंकू कपाळाला लावतात. मेंदूला न्हाई."

"याचं कपाळ कुठं है, ते तू सांगितलं न्हाईस."

यावर भांडायचं, तर अंगात जोर हवा. सुग्रीवानं मुकाट कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मऊ ब्रशानं पिना घासल्या, वाळू दिल्या. एक पिन हिरवी पडून निम्मी झिजली होती. तिला चिमट्यानं सरळ करून त्यानं कपलर बसवलं. जीप सुरू झाली.

"पिन नवी बसंपर्यंत भरवसा न्हाई. घरी येईस्तोवर गाडी बंद करू नका."

"अन् व्याह्याच्या दारात? मुराळी खाली उतरून चहाबी घेणार न्हाई? पोरीची काय इज्जत राहील?"

सुग्रीवानं डोळे मिटले. "म्हणा, लेकीची इतकी ओढ है, की गाडीबी बंद करवली न्हाई."

 तातेराव मिशीत हसले अन् निघाले.

दिवेलागणीला जीप धडधडत परत आली. संध्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"काका, सासूबाईनं बाबांना ताट गाडीतच आणून दिलं. तूप सांडेस्तोवर वाढलं. म्हणल्या, असा मुराळी पाह्यला न्हाई."

"आता बंद करू का रे?" तातेरावांनी विचारलं.

"तुमच्या दारात करा," सुग्रीव बसल्या जागेवरून म्हणाला.

तेव्हापासून मंठ्याकडं रीतच पडली म्हणतात. मुराळी गाडी बंद करून उतरला, की बाया कुजबुजतात, याला लेकीची माया न्हाई. मग दारात घंटाघंटा धडधडून तापलेली इंजिनं सुग्रीवाकडं येतात. त्याची सावली हल्ली भिंतीलाही टेकत नाही, सरळ आडवी होते.