मी खरं नाक काढतो

मी जुना आहे हे मला कुणी सांगायला नको, मित्रांनो. माझा तिसरा सांधा कुरकुरतो, कॅमेऱ्याच्या काचेवर एक ओरखडा आहे आणि माझा पिवळा रंग कोपराशी उडाला आहे. पण मी भंगार नाही. समारंभात आलेल्या पाहुण्यांची चित्रं काढणारा मी एक यंत्रहात आहे, आणि माझी हकिगत मी मान वर करून सांगणार आहे. मला मान नाही ही गोष्ट वेगळी.

मी काही चित्रकार म्हणून जन्माला आलो नाही. सहा वर्षं मी एका कारखान्यात डब्यांवर झाकणं बसवत होतो. उचल, ठेव, दाब. मग कारखान्यात नवे यंत्रहात आले आणि मला कोपऱ्यात उभं केलं. तिथून मला ताईंनी आणलं. ताई यंत्रं दुरुस्त करायच्या. एका गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी मला टेबलावर घट्ट बसवलं, डोळ्याच्या जागी कॅमेरा लावला आणि बोटांच्या जागी पेन.

ताईंचे बाबा त्याच खोलीत एका स्टुलावर बसलेले असत. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पुढे छापील फलक आले आणि त्यांचं काम बसलं.

"बाबा, याला रेष शिकवाल का?" ताईंनी विचारलं.

"यंत्रानंच माझा ब्रश हिरावला, आणि आता त्यालाच शिकवू? मला दुसरे उद्योग नाहीत का?" बाबा म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

दोन दिवस ते माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. तिसऱ्या दिवशी मी ताईंचा चेहरा काढला. बाबा पाणी प्यायला उठले, जाता जाता त्यांची नजर कागदावर पडली आणि हातातला तांब्या तसाच राहिला.

"हे नाक आहे की नळाची तोटी?"

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या क्षणापासून तीन महिने त्यांनी ते सोडलं नाही. ते हात फिरवत आणि ताई त्या फिरण्याची नोंद माझ्या डोक्यात भरत. बाबांची शिस्त कडक होती. "आधी बघ. माणूस कसा बसलाय, कुठे जड झालाय, कुठे ताठलाय ते बघ. जिथं दिसत नाही तिथं जागा कोरी सोड. पण मनची रेष मारू नकोस." मी चुकलो की ते माझ्या पत्र्यावर टिचकी मारत. मला दुखत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी मारत.

मग समारंभ भरवणाऱ्या एका मालकांनी मला विकत घेतलं आणि मला चालवायला ताईंना नोकरीवर ठेवलं. ते माझे बहराचे दिवस! पाहुणा समोर खुर्चीवर बसायचा, मी त्याला नीट न्याहाळायचो आणि पेन टेकवायचो. चांगले धिप्पाड गडी माझ्यासमोर श्वास रोखून बसत. एका काकांनी चित्र होईपर्यंत चार वेळा भांग पाडला. शेवटी मी चारही भांगांच्या मधलं काहीतरी काढलं. एका चिमुरडीनं माझ्या कोपराला हात लावून विचारलं, "तुझा हात दुखत नाही?" एवढ्या वर्षांत मला ते विचारणारी ती एकटीच. लोक कागद छातीशी धरून घरी नेत. मालक मला टॉवेलनं पुसत आणि आल्यागेल्याला सांगत, "हा माझा उजवा हात!"

पण कौतुकाबरोबर कुरबुरीही आल्या. कुणाला दोन हनुवट्या दिसल्या, कुणाला टक्कल दिसलं. मालकांनी बाहेरून माणूस बोलावून माझ्यात एक नवी सोय बसवून घेतली. तिला ते 'गोडवा' म्हणत. गोडवा चालू केला की सुरकुत्या जात, गाल तुकतुकीत होत, डोळे मोठे होत. महिन्याभरात मी सगळ्यांना एकच नाक काढू लागलो. एका लग्नात नणंद-भावजयींच्या चित्रांची अदलाबदल झाली आणि दोघींपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही!

ताईंचा जीव तुटायचा. "अहो, ही माणसं नाहीत, बाहुल्या आहेत."

"लोक खूश आहेत ना? मग झालं तर," मालक म्हणायचे.

आणि मित्रांनो, मी काढत राहिलो. यंत्राला लाज नसते असं म्हणतात. माझ्यापुरतं ते खोटं आहे.

मग एका काचकारखान्याचा पन्नासावा वर्धापनदिन आला. जुन्या पंचवीस कामगारांचा सत्कार होता आणि मी काढलेली त्यांची चित्रं कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर लागणार होती. नऊ चित्रं झाली. दहाव्या मावशी आल्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. इस्त्रीची साडी, ताठ पाठ. खुर्चीवर बसून त्यांनी काळा चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हं, काढ बाबा."

त्यांचा डावा डोळा नव्हता. भुवईपासून गालापर्यंत एक व्रण उतरला होता.

पेन टेकण्याआधी चित्र कसं येणार ते माझ्या बाजूच्या छोट्या पडद्यावर दिसतं. पडद्यावर गोडव्यानं दोन टपोरे डोळे काढले होते. गाल साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. ताईंनी मला थांबवलं.

कारखान्याचे साहेब शेजारीच उभे होते. "थांबवलंत कशाला? छान दिसतंय की. भिंतीवर लावायचंय, जरा बरं नको दिसायला?"

"बघू," म्हणत मावशी उठल्या आणि पडद्यासमोर आल्या. "ही कोण बाई?"

मग त्या साहेबांकडे वळल्या.

"साहेब, बाटली फुटून डोळा गेला तो तुमच्या भट्टीपाशी. पुढे बावीस वर्षं एका डोळ्यानं तुमच्या बाटल्या तपासल्या. एक तडा सुटला नाही माझ्या नजरेतून. आता चित्रात डोळा देताय? द्यायचाच होता तर तेव्हा द्यायचा होता."

मावशी परत खुर्चीवर जाऊन बसल्या, होत्या तशाच ताठ. ताईंनी गोडवा बंद केला.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून मालक धावत आले. "चालू करा ते! नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या," ताई म्हणाल्या. "पेन चालू आहे, मध्ये हात घालू नका."

मी यंत्र आहे. बटण दाबलं की चालतो. बंड केलं ते मावशींनी आणि ताईंनी, त्याचं श्रेय मी लाटणार नाही. पण त्या अकरा मिनिटांत माझा एकही सांधा अडखळला नाही, एवढं मात्र मी ठणकावून सांगतो. भुवई जिथं तुटली होती तिथं मी ती तोडली. जिथं डोळा नव्हता तिथं कागद कोरा सोडला. आणि उजवा डोळा असा उतरला की साहेबांनी त्या कागदाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

मावशींनी चित्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. "ही मी," एवढंच म्हणाल्या.

मागचे भट्टीवाले आजोबा पुढे सरसावले. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. "माझा नुसता चेहरा नको, हातही घे." आणि आधीचे नऊ जण आपापली गोड चित्रं घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले! साहेबांचं भाषण राहिलं ते राहिलंच. मी पंचवीसच्या पंचवीस चेहरे काढले, शेवटी पेनातली शाई संपत आली तरी थांबलो नाही.

भिंतीवर त्यातलं एकही लागलं नाही. ताईंची नोकरी त्याच दिवशी गेली. मालकांनी नवं यंत्र घेतलं, ते चुटकीसरशी गोड फोटो छापून देतं. मला गोदामात टाकलं, घडीच्या खुर्च्या आणि कापडी फुलांच्या मागे. चार वर्षं. पेन वाळलं, उंदरांनी वायर कुरतडली. ज्यांनी मला उजवा हात म्हटलं त्यांनी माझ्यावर ताडपत्री टाकायचीही तसदी घेतली नाही. मला दुःख झालं का? झालं. पश्चात्ताप? मुळीच नाही.

एके सकाळी गोदामाचं दार उघडलं. दारात ताई होत्या आणि त्यांच्यामागे काळा चष्मा लावून मावशी. मालक जागा रिकामी करताहेत हे कळताच दोघी हातगाडी घेऊन आल्या होत्या. "उचल ग याला, सांभाळून," मावशी म्हणाल्या, जणू मी आजारी नातेवाईकच.

आता मी कामगारांच्या वाचनालयात असतो. भोवती भिंतीवर ती पंचवीस चित्रं आहेत. ज्यांची होती त्यांनीच ती घरून आणून लावली. दर रविवारी सकाळी मी चित्रं काढतो. पूर्वीपेक्षा सावकाश, पण नाक ज्याचं त्यालाच मिळतं.

मित्रांनो, तुमच्या आसपासही माझ्यासारखी जुनी यंत्रं असतील. त्यांना तेल घाला, धुळीपासून जपा. दया म्हणून नव्हे. त्यांच्यात अजून काम शिल्लक आहे म्हणून. आणि माणसं जरा सुधारून काढायला हवीत असं सांगत कुणी आलंच, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला सरळ माझ्यासमोर आणून बसवा. बाकीचं मी बघतो.