झाकणामागची गोधडी

गाडीची चावी फिरवली की इथे एक लाल दिवा क्षणभर लागून विझायला हवा, तो लागतच नाही, एवढंच जगन म्हणाला होता. रतनचा हा धाकटा भाऊ मस्कतला एका कंपनीत हिशेब बघायचा. सुट्टीत डोंबिवलीला आला होता आणि मेहुण्यांनी घेतलेली गाडी कौतुकाने न्याहाळत होता. कडेवरच्या लेकीला, मालूला, भरवता भरवता रतन हसली. "अरे, धोक्याचा दिवा लागला तर काळजी. लागत नाही ते बरंच आहे की." जगनने पुन्हा एकदा चावी फिरवून बघितली आणि विषय सोडला.

गाडी जुनी, पण परदेशी. ठाण्यातल्या एका गृहस्थांनी दुबईहून येताना आणलेली, त्यांच्याकडून हरिहरने घेतलेली. स्टिअरिंगच्या मधोमध इंग्रजीत 'एअरबॅग' असं कोरलेलं होतं, आणि पूजेच्या दिवशी सासूबाईंनी नेमकं त्याच अक्षरांवर हळदकुंकू वाहिलं होतं. गाडी आदळली की पापणी लवायच्या आत फुगा बाहेर येतो, छातीला काही होत नाही, हे हरिहर आल्यागेल्याला समजावून सांगायचा. नवऱ्याचा हा अभिमान रतनला आवडायचा. पण त्या भरवशावर त्याने सीटचा पट्टा लावायचंच सोडलं. ती टोकायची, तर म्हणायचा, फुगा असताना स्वतःला बांधून कशाला घेऊ?  मालूला मात्र ती मागेच बसवायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर हॉर्न बिघडला. विठ्ठलवाडीच्या गॅरेजात मिस्त्रीने स्टिअरिंगवरचं झाकण उचकटलं आणि तो, हरिहर, रतन तिघंही आत बघत राहिली. फुगा नव्हताच. फुलाफुलांच्या जुन्या गोधडीचा एक तुकडा कोंबून ठेवलेला होता. गाडी आधी कुठेतरी आदळली होती, फुगा तेव्हाच उघडून संपला होता, आणि कुणीतरी वर झाकण तेवढं चिकटवून दिलं होतं. बिघाड कळू नये म्हणून लाल दिव्याची वायरही तोडलेली. 

ठाण्याच्या गृहस्थांनी फोनवर शांतपणे विचारलं, गाडी पळते ना? फुगा परत बसवलाच पाहिजे असा कायदा असेल तर दाखवा. रतन बी. ए. झालेली, असा कायदा कुठेतरी असणारच, असं तिला वाटलं. मालूला सासूबाईंकडे सोडून ती आरटीओत गेली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं. ब्रेक, दिवे, हॉर्न आम्ही बघतो, म्हणाले. पण फुगा असलाच पाहिजे असा नियमच नाही, तर गेलेला परत बसवा हे कशाच्या जोरावर सांगू? फसवणूक म्हणत असाल तर ग्राहक मंचात जा.

"पण साहेब, आहे असं वर लिहिलंय. ते वाचून माणूस पट्टा सोडतो."

 साहेब म्हणाले, "मिस्टरांना पट्टा लावायला सांगा, बाई."

घरी येऊन तिने सगळं हरिहरला सांगितलं.  पुढे चार दिवस ती मालूला घेऊन आंबिवलीला आईकडे गेली आणि परतली तेव्हा गाडी जागेवर नव्हती. दलालामार्फत खडवलीकडच्या कुणा मास्तरांना विकली होती. झाकण पुन्हा चिकटवून.

"त्यांना सांगितलंत?"

हरिहर बुटाची नाडी सोडत होता. "त्यांनी विचारलं, फुगा आहे ना? मी म्हटलं, लिहिलंय की." नाडी सुटली तरी तो वर बघेना. "मला तरी कुणी सांगितलं होतं? आणि नियम नाही, हे तूच विचारून आलीस ना."

 दलालाने पत्ता दिला नाही. ती दोनदा खडवलीला जाऊन आली, शाळेत विचारलं, स्टेशनबाहेरच्या पानवाल्याला विचारलं. पांढरी गाडी जाताना बघितलीय, म्हणाला; कुठे राहतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून आता तिचं तुमच्याकडेच मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात आणि पांढरी परदेशी गाडी दिसली, मागच्या काचेवर मालूने चिकटवलेला मोर अजून असेल, तर मास्तरांना थांबवा. चावी फिरवायला सांगा, लाल दिवा लागतो का बघा. नाही लागला, तर आधी त्यांना पट्टा लावायला लावा. बाकीचं मागून सांगितलंत तरी चालेल.