पोटातला फोटो

मी प्रांजलचा कॅमेरा बोलतोय. कॅमेरा म्हणजे कॅमेराच, मोबाइलच्या पाठीवरचा ठिपका नव्हे! चंदेरी रंगाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा. आता कडा खरवडल्यात, पण एके काळी माझाही तोरा होता.

२००८ साली पनवेलच्या बाजारात एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. प्रांजलला नुकतीच नोकरी लागली होती आणि तिला कॅमेरा घ्यायचा होता. सोबत तिची आई, कोळीवाड्यातली गंगाबाई. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला, त्यामुळे हाताने दाबून पाहिल्याशिवाय त्या घरात काही येत नसे. दुकानदार मेगापिक्सेल सांगत बसला. गंगाबाईने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने एकेक कॅमेरा उचलला, अंगठ्याने पाठ दाबली आणि मासा ताजा आहे का ते कल्ला उचलून बघावं, तसं बॅटरीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"मावशी, मोठा घ्या. फोटो झकास येतात," दुकानदार म्हणाला.

"मोटा नको. मोटा कॅमेरा बगला का माजं तोंड शिवल्यावानी होतं. यो बारका बरा हाय, मुठीत मावतो."

असा मी निवडला गेलो. माझ्यापेक्षा देखणे चार जण काचेखालीच राहिले, याची मला अजून गंमत वाटते.

पण खरं सांगायचं तर बाईचं तोंड माझ्यापुढेही शिवलेलंच राहिलं. लुगडं, अंबाड्यावर वेणी आणि गळ्यात सोनं असल्याशिवाय फोटो काढू द्यायचा नाही, हा तिचा नेम. आणि एकदा नटली की पोलिसासमोर उभं केल्यासारखी ताठ! एरवी ती अशी हसायची की शेजारची वसुंधरा भिंतीपलीकडून विचारायची, "काय झाला गो?" ते हसू एकदा तरी मला मिळावं, असं फार वाटायचं.

त्या वर्षी नारळी पुनवेचे फोटो छापायला प्रांजलने माझं मेमरी कार्ड काढून स्टुडिओत दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाई मागच्या दारी बोय मासळी साफ करत बसली होती. डोक्याला फडकं, मनगटावर खवले. हातातली बोय निसटली ती थेट मांजरीच्या पुढ्यात! मांजरच दचकून पळाली. गंगाबाई मान मागे टाकून हसली आणि प्रांजलने बटण दाबलं.

माझ्यात कार्ड नाही, हे ती साफ विसरली होती. पण आम्हा छोट्या कॅमेऱ्यांच्या पोटातही थोडी जागा असते, चार-पाच फोटोंपुरती. तो फोटो मी तिथे ठेवला.

गंगाबाईने माझ्या पडद्यात डोकावून पाहिलं. "पुसून टाक गो त्यो! ना वेनी, ना सोना. काय दिसते मी!"

"पुसला गो आये," प्रांजल खोटंच म्हणाली, एक-दोन बटणं दाबल्यासारखी केली आणि मला बंद केलं.

संध्याकाळी कार्ड परत आलं. कार्ड आत असलं की मी फक्त कार्डावरचंच दाखवतो, पोटातलं नाही. माझी घडणच तशी, त्याला मी काय करू? प्रांजलने तो फोटो शोधशोध शोधला. मग तिला वाटलं, खोटंखोटं पुसता पुसता आपल्याकडून तो खरंच पुसला गेला.

दोन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि गंगाबाई गेली. भिंतीवर तिचा ताठ, मिटल्या ओठांचा फोटो लागला. त्याला हार घालताना प्रांजल रडत म्हणाली, "ही आये नाय. आये हसलेली. मीच पुसली तिला."

ते ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा तोंड नसल्याचं दुःख झालं.

पुढे मोबाइल आले. प्रांजल लग्न होऊन बेलपाड्याला आली, मीही तिच्या कपाटात आलो. दर दोन-तीन वर्षांनी ती मला चार्ज करायची. मला वाटायचं, आज सापडेल. ती कार्डावरचे सगळे फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, आणि मी आतून ओरडायचो, अगं, कार्ड काढ! एकदा कार्ड काढून बघ! पण फोटो बघायचे असताना कार्ड काढायचं कुणाला सुचणार? ती मला बंद करायची आणि पुन्हा कपड्यांखाली ठेवून द्यायची.

या वर्षी तिने तेही सोडलं. काल मला बंद पडलेल्या इस्त्रीशेजारी एका खोक्यात टाकलंय. रविवारी सोसायटीत विजेच्या जुन्या वस्तू न्यायला माणसं येणार आहेत. प्रांजलवर माझा राग नाही. शोधून शोधून ती दमली आहे.

तुमच्यापैकी ज्याच्या हाती मी लागेन, त्याला माझी विनवणी आहे. मला मोडा, पण त्याआधी एकदा चार्ज करा, आणि कार्ड बाहेर काढून मग सुरू करा. एक बाई हसताना दिसेल. तेवढं झालं की बेलपाड्यात प्रांजलचं घर विचारा, आणि ती दार उघडेल तेव्हा आधी एवढंच सांगा, की बाई, तू काही पुसलं नव्हतंस.