डाव्या चाकाचे तेल

"राणीच्या राज्यावरचा सूर्य एक वेळ मावळेल, पण या चाकातून आता तेलाचा थेंब गळायचा नाही!"

टमटमीच्या डाव्या चाकापुढे उकिडवे बसून, मधल्या तुंब्यावरच्या पितळी टोपीला पान्याने शेवटचा पीळ देत हरिहरपंतांनी हे जाहीर केले. ऐकायला अंगणात घोडा होता आणि ओसरीच्या दारामागे घरची बायकामाणसे होती. घोड्याने शेपूट हलवली. दारामागून काहीच आले नाही, म्हणजे मान्यता मिळाली असे पंतांनी धरले आणि ते वामकुक्षीला गेले.

संध्याकाळी फिरायला निघाले, तर फाटकातून बाहेर पडायच्या आत डाव्या चाकाने असा काही सूर लावला की शेजारची म्हैस दावे तोडून मासुंद्याच्या तळ्याकडे पळाली. सूर्य अजून मावळायचा होता.

ही टमटम काही साधीसुधी नव्हे. कुठल्याशा साहेबाने ती आपल्या तरुणपणी शर्यती मारायला विलायतेहून मागवलेली. अंगकाठी हलकी, चाके उंच, रंग बाटलीसारखा हिरवा. आपल्याकडच्या गाड्यांना वंगण फासतात तसे हिला फासायचे नाही; चाकाच्या तुंब्यावर पितळी टोपी, टोपीत एरंडेल भरायचे, आत चामड्याची चकती, आणि तेलात डुंबलेल्या आसावर चाक आपले गुपचूप फिरायचे. साहेब म्हातारा होऊन मायदेशी परतला तेव्हा गाडी लिलावात निघाली आणि हरिहरपंतांनी ती घेतली. ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार असताना ज्यांनी उभ्या जन्मात एक कागदसुद्धा घाईने पुढे सरकवला नाही, त्यांना पेन्शनीत वेगाचा नाद लागला. सारे ठाणे तोंडात बोट घालून बघत राहिले. बोट तोंडातून काढून लोकांनी पुढे कानांत घातले, ते या डाव्या चाकामुळे.

उजवे चाक गुणाचे. डाव्यात मात्र सकाळी टोपीभर तेल घालावे, तर संध्याकाळी टोपी कोरडी ठणठणीत. आणि नवल असे की जमिनीवर एक डाग नाही.

"उडतंय," महिपत लोहार म्हणाला. महिपतने कल्याणला आगगाडीच्या डब्यांना तेल घालायचे काम केले होते, त्यामुळे चाक या विषयावर त्याला कधी शंका येत नसे.

"अरे, एरंडेल कुठं उडतं?"

"आपल्या गाडीतलं नाय उडत. विलायती गाडीतलं उडतं. पंत, तिला तिकडच्या हवेची सवय हाय."

त्याने चकती बदलली. मग आस घासला. मग टोपीच्या आट्यांवर सुतळी गुंडाळली. एकदा तर चाकाला नजर लागली असेल म्हणून लिंबू बांधले. त्या संध्याकाळी चाक लिंबासकट ओरडले.

"आणि या पान्यावर हे पिवळं काय रे धरलंय?" पंतांनी पाना पुढे केला.

महिपतने तो उन्हात फिरवून पाहिला. "गंज. विलायती लोखंडाचा गंज पिवळाच असतो."

एरवी हे सारे पंतांनी सोसले असते. पण दसरा जवळ आला होता. सीमोल्लंघनाला ठाण्यातल्या सगळ्या गाड्या रांगेने मजिवड्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या ठरल्या होत्या. रांगेचे पुढारपण गोपीनाथराव वकिलांकडे होते. त्यांनी कौपीनेश्वराच्या आवारात, चारचौघांत, पंतांना गाठले.

"पंत, तुमची टमटम निघाली की कल्याणला माणसं गाठोडी उचलून स्टेशनाकडे धावतात म्हणे. आगगाडी आली असं वाटतं त्यांना."

चारचौघे हसले. पंतही हसले, त्यांना थोडा वेळ लागला.

"थट्टा सोडा. पण आमचे घोडे उधळले तर कोण जबाबदार? दसऱ्यापर्यंत चाक गप्प झालं तर आनंदानं या. नाही तर पायी या. सोनं आम्ही तुम्हाला चालतानासुद्धा देऊ."

त्या दिवसापासून पंतांचे जेवणात लक्ष लागेना. गोदूबाईंनी एकदा आमटी वाढता वाढता विचारलेही, "इकडून काही होतंय का?"

"चाक," पंत म्हणाले.

गोदूबाईंनी वाढणे तसेच पुढे चालू ठेवले. सून शालू चुलीपाशी पाठमोरी बसून होती. मुलगा मुंबईला नोकरीला, शनिवारी येई, शनिवारी ती जरा खुललेली दिसे. एरवी ही मुलगी मुळातच मुकी असावी, असे पंतांचे मत होते. सोयरिकीच्या वेळी आपल्याला हे सांगितले गेले नाही, पण तक्रार करण्यासारखा दोष नाही, असेही त्यांचे मत होते.

दसऱ्याला थोडे दिवस उरले असताना, एका संध्याकाळी पंत नेहमीप्रमाणे निघाले आणि चाक नेहमीप्रमाणे किंचाळले. आज मात्र त्यांचा संयम सुटला. त्यांनी टमटम तळ्याकडे न नेता थेट महिपतच्या भट्टीवर घातली. पाना घरीच राहिला होता. महिपतच्या पान्याने टोपी उघडली. कोरडी! सकाळी स्वतःच्या हाताने तेल घातलेले!

"भर," पंत म्हणाले. "काठोकाठ. आणि मी मजिवड्याला जाऊन येतो. बघू कुठं उडतं ते."

आणि काय सांगावे, टमटम निघाली ती वाऱ्यासारखी. आवाज म्हणून नाही. टापा तेवढ्या वाजत होत्या. टापा काय, साऱ्या ठाण्याच्या घोड्यांच्या सारख्याच. मजिवड्याहून वळून पंत परत भट्टीवर आले. टोपी उघडली. तेल काठोकाठ, जसेच्या तसे.

"बघा!" महिपतने मांडीवर थाप मारली. "लागली ना माझी चकती?"

 पंतांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी भट्टीच्या धुरावर ढकलले. गोपीनाथरावांकडे जावे, चारचौघांपुढून एक चक्कर मारावी, असे पहिल्यांदा मनात आले. पण लगाम हातात घेतल्यावर घोड्याचे तोंड घराकडे वळले. ही गोष्ट आधी गोदूबाईंना सांगायची होती. तेलाचा वायफळ खर्च त्या माउलीने इतके दिवस तोंडातून ब्र न काढता सोसला होता.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. टमटम तळ्याच्या वळणावरून आळीत शिरली, फाटकातून आत आली आणि ओसरीसमोर उभी राहिली. कोणाला कळले नाही.

ओसरीवर पंतांचा झोपाळा होता. झोपाळ्यावर गोदूबाई होत्या. मांडी घालून. डोक्यावर पंतांचे दसऱ्यासाठी झटकून ठेवलेले लाल पागोटे होते आणि उजव्या हातात, राजाने राजदंड धरावा तसा, टमटमीचा पाना. खाली आळीतल्या चारपाच बायका पाय पसरून, तंबाखूची मशेरी लावत बसल्या होत्या. भांडी घासणारी शेवंती शालूच्या केसांना तेल चोळत होती. तेलाची वाटी झोपाळ्याशेजारीच होती, निम्मी भरलेली.

"राणीच्या राज्यावरचा सूर्य एक वेळ मावळेल," गोदूबाईंनी पाना उंच धरला, भुवया चढवल्या, आणि आवाज काढला तो हुबेहूब, नाकातल्या घुमाऱ्यासकट, "पण आमच्या आमटीत मीठ कमी पडता कामा नये!"

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. त्यांतले एक हसू सगळ्यांच्या वर गेले, पितळेचा हंडा पायऱ्यांवरून घरंगळत जावा तसे, थांबेचना. हे कोणाचे हसू, हे पंतांना ओळखू येईना. मग शालूने मान मागे टाकली आणि ते तिच्या तोंडातून येताना त्यांना दिसले.

मागे टाकलेली मान तिथेच थांबली. तिने त्यांना पाहिले होते.

पुढे जे झाले ते पापणी लवायच्या आत झाले. आळीतल्या बायका परसातून गेल्या. शेवंती वाटीसकट गेली. शालूच्या तोंडावर पदर आला. पागोटे खुंटीवर गेले. झोपाळा तेवढा रिकामा हलत राहिला. इतक्या बेताने, इतक्या सरावाने सारे झाले, की पंतांना वाटले, आपण काही पाहिलेच नाही. पण झोपाळ्याच्या फळीवर पाना राहिला होता, आणि त्याच्या दांड्यावर हळदीचा आंगठा ताजा, पिवळा उमटलेला होता.

घोडा सोडायचे भान पंतांना राहिले नाही. ते ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. उपरणे गळून मातीत पडले होते, ते शेवटी घोड्याने हुंगून पाहिले.

रात्री पंत जेवायला बसले. गोदूबाईंनी भात वाढला. वाढणारी बोटे पिवळी होती. ती आजच पिवळी झालेली नव्हती.

"तेल तू काढत होतीस?"

"हो."

"रोज?"

"इकडून वामकुक्षीला जाणं झालं की."

पंतांचा घास खाली आला. एवढा दगा त्यांनी कचेरीतसुद्धा पाहिला नव्हता. चारचौघांतली थट्टा आठवली, लिंबू आठवले. त्यांनी उजवा हात उंच उगारला, भुवया चढवल्या.

"राणीच्या राज्यात—"

स्वयंपाकघराच्या दारामागे काहीतरी फसकन फुटले आणि लगेच पदरात दाबले गेले.

पंतांनी वर पाहिले. हात तिथेच होता, अगदी झोपाळ्यावर गोदूबाईंचा होता तसा. त्या हाताचे आता काय करायचे ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो खाली आणून पानातले मीठ आमटीत घातले. मीठ कमीच होते.

"का पण?" ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच निराळा वाटला.

गोदूबाई पळी हातात धरून उभ्या राहिल्या. "चाक तळ्याच्या वळणावर ओरडायचं. तिथून इथवर यायला गाडीला जेवढा वेळ लागतो, तेवढा आम्हाला पुरतो." त्यांनी दाराकडे पाहिले. "या पोरीला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा गाडीचं तेल संपलेलं होतं. मग म्हटलं, संपलेलंच बरं."

"आणि माझा दसरा?"

 दाराआड शालूच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. 

"एक मागणं आहे," गोदूबाई म्हणाल्या.

पंत ताठ झाले. बायकांचे मागणे म्हणजे माहेर, नाही तर काशी. आजचा प्रकार पाहता काशीच असावी.

"बोल."

"चाकाला आता पोटभर तेल घालावं. मी हात लावायची नाही. फक्त तळ्याच्या वळणावर आलं, की इकडून जरा मोठ्यानं खाकरणं व्हावं."